एक्कावन्नाव्या वर्षीची पहिली बाजी

बोरगाव हे माझ्या थोरल्या बहिणीचे सासर. सौंसर तालुक्यातले, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे गाव. एका अंगाला कारखान्यांची वसाहत आणि दुसऱ्या अंगाला संत्र्यांच्या बागा. 2023 साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौंसरबरोबर बोरगावही त्यात गेले, पण मी सांगतो आहे ती हकीगत 2016 च्या डिसेंबरातली, म्हणजे हा मुलूख छिंदवाड्यातच होता तेव्हाची. छोट्या रुळांची गाडी बंद होऊन रुंद रुळांचे काम चालले होते, त्यामुळे इंदूरहून नागपूरला उतरायचे आणि पुढे मोटारीचे धक्के खायचे. त्यातून नोटाबंदीचे दिवस. आंबिया बहाराची संत्री उतरत होती, आणि व्यापारी रोख पैसे कुठून द्यायचे म्हणून हात झटकत होते. अशा वेळी पाहुणा म्हणून कुणाकडे जाऊ नये, पण ताईने दत्तजयंतीला घरी बोलावले होते आणि बोलावण्यात एक मेख होती. तिला माझी बैठक हवी होती.

मी गाणे शिकवतो. वीस वर्षे शिकवीत आलो. माझे वडील पंधराव्या वर्षी दरबारच्या नोकरीत तंबोऱ्यावर बसले; पुढे 1948 मध्ये संस्थान विलीन झाले आणि त्यांचे गाणे शिकवण्यांवर आणि सणावारांच्या बोलावण्यांवर आले. मी त्यांना उतारवयात झालेले अपत्य. त्यांच्यासारखे आपल्याला गाता येत नाही, हे लहानपणीच मनात इतके पक्के बसले की दुसऱ्यांच्या मुलांचे सूर लावून देण्यातच माझी चाळिशी येऊन ठेपली. स्वतःची म्हणून पुरी बैठक मी कधी केली नव्हती. ताईला याआधी दोनदा नकार दिला होता. या खेपेसही 'घसा बसला आहे' हे वाक्य मनात तयार ठेवूनच निघालो होतो.

पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी भाचा वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर आला. "मामा, तुमच्या तिकडचा माणूस जिंकला ना जी, महूचा!" मला वाटले क्रिकेट. पाहतो तो गोल्फ. दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानावर झालेली पॅनासोनिक खुली स्पर्धा महूच्या मुकेशकुमार यांनी जिंकली होती.

इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून खेळ म्हटला की कर्नल सी. के. नायडू. होळकरांच्या संघाने रणजी करंडक चार वेळा आणला, त्या गोष्टी आम्ही दूधभातासारख्या खाल्ल्या. साठी उलटल्यावरही नायडू रणजीत खेळले, हे तर आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांचे ब्रह्मास्त्र असे. पण इंदूरपासून हाकेच्या अंतरावर, महूच्या छावणीत, एक माणूस वर्षानुवर्षे एका निराळ्या खेळात बाजी मारतो आहे याची आम्हाला दाद नव्हती. कशी असणार? 1818 च्या तहानंतर वसलेली ती लष्कराची छावणी. तिथल्या हिरवळीवर काय चालते ते साहेबांचे, आपले नव्हे, ही आपली जुनी समजूत. महू आम्हाला माहीत ती बाबासाहेबांचे जन्मस्थान म्हणून.

मुकेशकुमार यांचा जन्म 1965 चा, महूचाच. देशातल्या व्यावसायिक स्पर्धांत त्यांनी शंभरावर विजेतीपदे मिळवली. शंभरावर! ज्या काळात गोल्फची बातमी शेवटच्या पानाच्या तळाशी दोन ओळींत येई, त्या काळात हा गृहस्थ एकेक गाव जिंकीत हिंडत होता. मात्र आशियाई दौऱ्यावरचे, म्हणजे निरनिराळ्या देशांचे खेळाडू जिथे उतरतात तिथले, एकही विजेतेपद त्यांच्या नावावर नव्हते. ते मिळाले 2016 च्या डिसेंबरात, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. त्या दौऱ्यावर इतक्या उशिरा पहिली स्पर्धा तोवर कुणीच जिंकली नव्हती.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. अठरा छिद्रे, प्रत्येकाला ठरलेले फटके, आणि सगळे मिळून बहुधा बहात्तर. ज्याला कमी फटके लागतील तो पुढे. तुमच्या चेंडूला दुसरा कुणी हात लावीत नाही, अडवीत नाही. भांडण आहे ते जमिनीशी, वाऱ्याशी आणि स्वतःच्या मनगटाशी. गाणाऱ्याला हे पटकन कळेल. समोरच्या गवयाने तुमचा सूर बिघडवलेला नसतो, तो तुम्हीच बिघडवता. त्यातून दिल्लीचे ते मैदान मोठे खट्याळ. मधूनमधून जुन्या कबरी आणि घुमट, मोर फिरताहेत, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना दाट झुडुपांच्या भिंती. जोराने मारणारा तिथे चेंडू गमावून बसतो. सरळ मारणारा निभावतो. मुकेशकुमार सरळ मारणारे. डिसेंबरच्या धुक्याने सकाळच्या सकाळ खाऊन टाकल्या आणि चार फेऱ्यांची स्पर्धा तीन फेऱ्यांवर, चौपन्न छिद्रांवर आणावी लागली. अखेरीस एका फटक्याने बाजी महूकडे आली. मागे राहिले त्यांत ज्योती रंधावा होते, ज्यांनी इंडियन ओपन तीन वेळा जिंकलेली आहे.

एका फटक्याचे अंतर म्हणजे किती? एखादी श्रुती चढी लागावी, एवढेच.

पुढे मी या खेळाचा इतिहास मिळेल तिथून वाचीत गेलो, आणि त्यात मला आमचेच घर सापडले. 1860 च्या 17 ऑक्टोबरला स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविक गावी व्यावसायिकांची पहिली खुली स्पर्धा झाली. खेळणारे आठ. एका दिवसात बारा छिद्रांचे तीन फेरे, आणि विली पार्क 174 फटक्यांत जिंकला. बक्षीस पैशाचे नव्हे, चामड्याचा एक पट्टा. दोन फटक्यांनी मागे राहिलेला टॉम मॉरिस त्या मैदानाची निगा राखणारा नोकर. हे 'व्यावसायिक' म्हणजे काठ्या बनवणारे, गवत राखणारे, साहेबांच्या पिशव्या वाहणारे लोक. खेळात ते उमरावांना शिकवीत. पण क्लबाच्या दारातून आत जाण्याची त्यांना मुभा नसे. हा टॉम मॉरिस 1867 मध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी चौथ्यांदा जिंकला. त्या स्पर्धेतला सर्वांत वयस्क विजेता म्हणून त्याचेच नाव अजून आहे. दुसऱ्याच वर्षी त्याच्या सतरा वर्षांच्या मुलाने ते पद त्याच्याकडून घेतले. बापाला काय वाटले असेल? घराण्यातल्या मुलांना हा प्रश्न पडतोच.

दाराची गोष्ट मात्र मला सोडीना. 1920 साली अमेरिकेचा वॉल्टर हेगन इंग्लंडात डील येथे खेळायला गेला. व्यावसायिकांनी क्लबात कपडे बदलायचे नाहीत असा रिवाज दिसल्यावर त्याने एक झकास मोटार भाड्याने आणून दारासमोरच उभी केली आणि तिच्यात कपडे बदलले. खेळात त्याचे पानिपत झाले, पण मोटार लोकांच्या लक्षात राहिली. त्याच वर्षी अमेरिकेत टोलेडोच्या इन्व्हरनेस क्लबाने राष्ट्रीय स्पर्धेसाठी आलेल्या व्यावसायिकांना दार उघडले. खेळाडूंनी पुढे वर्गणी काढून त्या क्लबाला एक उंच घड्याळ भेट दिले. आणि दक्षिण आफ्रिकेतला आपल्या वंशाचा पापवा सेवगोलम? पिशव्या वाहता वाहता खेळ शिकलेला, काठी धरताना हात उलटे धरणारा. 1959 मध्ये हॉलंडची खुली स्पर्धा त्याने जिंकली होती. 1963 मध्ये दरबानला नाताळची खुली स्पर्धा जिंकली, तेव्हा गोऱ्यांच्या क्लबात त्याला प्रवेश नव्हता. भर पावसात, बाहेर उभा ठेवून त्याच्या हाती चषक दिला. त्याचे छायाचित्र जगभर छापले गेले. आपल्याकडेही, दिल्लीच्या क्लबात पिशव्या वाहणारा अली शेर 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला, आणि 1993 मध्ये पुन्हा जिंकला.

हे वाचताना वडिलांनी एकदाच, आणि तेही ताईला, सांगितलेली गोष्ट आठवे. एका सरदारांच्या वाड्यावर रात्रभर गाणे झाले. मालकांनी शेला दिला, वाहवा केली, डोळे पुसले. जेवणाची वेळ झाली तेव्हा गवयांची पाने मागच्या पडवीत, घोड्यांच्या मोतद्दारांशेजारी मांडली होती. वडील जेवले. उपाशी उठणे त्यांना परवडण्यासारखे नव्हते. शेला आमच्याकडे अजून आहे. आईने तो कधी वापरला नाही.

असो. त्या सकाळी बोरगावच्या ओसरीवर मला यातले काहीच ठाऊक नव्हते. मी फक्त वय वाचले. एक्कावन्न. आणि मी एकोणचाळिसाव्या वर्षी बसलेल्या घशाची सबब खिशात घालून आलो होतो. (पुढे 2021 मध्ये अमेरिकेच्या फिल मिकलसनने पन्नाशी गाठल्यावर पीजीए अजिंक्यपद मिळवले तेव्हा जगभर नगारे वाजले. महूच्या वाट्याला एक टिमकी तरी वाजली असती!) भाऊजी आतून म्हणाले, "मास्तर, पेटीवाला सौंसरहून सांगू का मग?" मी 'सांगा' म्हणालो आणि ताई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येऊन उभी राहिली.

दत्तजयंतीला गायलो. तबल्याला कारखान्यातला एक कामगार होता, हात बरा होता पण लय चढवायची खोड. यमन मांडला. मध्यंतरी तार षड्जावर आवाज फाटला; मी तो लपवला नाही, पुन्हा गेलो, दुसऱ्यांदा तो लागला. समोर पंचवीस-तीस माणसे असतील. निम्मी संत्र्यांच्या भावाच्या काळजीत. शेवटच्या भजनाला मात्र सगळ्यांनी टाळ्या धरल्या.

जेवणे व्हायला रात्रीचा एक वाजला. बाहेर थंडी चांगलीच पडली होती. ताईने माझे पान पुढच्या ओसरीवर, भाऊजींच्या शेजारी मांडले होते, आणि तबलजी संकोचून पायरीवर उभा होता, त्याला हाताला धरून तिने माझ्या दुसऱ्या बाजूला बसवले.