कुत्र्याच्या मेंदूतील गाठ

1955 साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि दुर्गजवळच्या माळावर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. त्याच्या भोवती आखलेल्या वसाहतीचे भाग नावांनी नव्हे, तर आकड्यांनी ओळखले जाऊ लागले. त्यांपैकी सेक्टर 10 हा एक. कामानिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या लोकांबरोबर नागपूर-वऱ्हाडाकडील मराठी कुटुंबेही या वसाहतीत रुजली. जेथे घराला अंगण व फाटक असते, तेथे कुत्राही येतोच. आणि कारखान्याच्या पाळ्यांवर घरधन्याचे जाणे-येणे अवलंबून असल्यामुळे त्या वेळा कुत्र्याच्याही अंगवळणी पडतात.

अशा एखाद्या घरातला नऊ-दहा वर्षांचा कुत्रा घ्यावा. धनी पाळीवरून परतण्यापूर्वीच फाटकाशी जाऊन बसणारा हा प्राणी एके दिवशी फाटकाकडे फिरकतच नाही. तो खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला कपाळ टेकून उभा असतो. हाक मारली तर मान वळवतो, पण पुन्हा भिंतीशीच जातो. काही दिवसांनी तो एकाच दिशेने गोल गोल फिरू लागतो, घरातच लघवी करतो, ओळखीच्या मुलावर गुरगुरतो. घरातील एक जण म्हणतो, म्हातारा झाला. दुसरा म्हणतो, लाडावला. आणि शेजारी फाटकाबाहेरूनच सांगतो की, पिसाळला असेल, बांधून घाला. या तिघांच्याही मनात न येणारी एक चौथी शक्यता असते, ती म्हणजे मेंदूत वाढणारी गाठ.

ही गाठ इतका उत्पात का घडवते, हे समजण्यास कवटीची रचना ध्यानी घ्यावी लागते. पोटात किंवा कातडीखाली गाठ वाढली तर आजूबाजूचे मऊ भाग थोडे सरकून तिला जागा देतात. कवटी ही बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचा द्रव एवढेच मावते. कुत्र्याचा मेंदू तर बहुधा शंभर ग्रॅमच्या आतबाहेरच भरतो. तेथे सुपारीएवढी गाठही मोठी ठरते. शिवाय गाठीभोवतीचा मेंदू सुजतो, द्रवाचा मार्ग अडतो आणि दाब वाढत जातो. कित्येकदा गाठीपेक्षा ही सूजच अधिक छळते. दाब फारच वाढला, तर मेंदूचा भाग खालच्या अरुंद वाटेत रेटला जातो आणि श्वासाचे नियंत्रण करणारे केंद्र चिरडते. अशा वेळी मृत्यू अचानक येतो.

मेंदूतच उगम पावणाऱ्या गाठींत मेंदूच्या आवरणांतून निघणारी गाठ कुत्र्यांत सर्वाधिक आढळते. ती लांब नाकाच्या जातींत विशेष दिसते. मेंदूला आधार देणाऱ्या पेशींपासून होणारी गाठ बॉक्सर, बुलडॉग यांसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत अधिक. शरीरात अन्यत्र झालेला कर्करोगही रक्तावाटे मेंदूत येऊन बसतो. रोगी बहुतेक पाच वर्षांवरचे असतात.

गाठ कोठे आहे यावर लक्षणे ठरतात, आणि ती वाचणे हे या रोगाचे सर्वांत कुतूहलजनक अंग आहे. मोठ्या मेंदूच्या उजव्या बाजूस गाठ असेल तर कुत्रा बहुधा उजवीकडेच फेऱ्या घालतो आणि डाव्या बाजूचे जग त्याच्या लेखी उरत नाही. तो ताटलीतील अर्धाच भात खातो; उरलेला अर्धा समोर असूनही त्याला सापडत नाही. लहान मेंदूत गाठ असली तर चालताना पाय फाकतात, डोके डुलते. मेंदूच्या देठाशी असली तर मान एका अंगाला कलते, गिळणे कठीण होते, भुंकणे बदलते. घशात अडकलेले अन्न श्वासनलिकेत गेले की फुप्फुसांचा दाह होतो, आणि मग मूळ रोगाआधी हाच जीव घेतो. पीयूषिका ग्रंथीच्या गाठीत कुत्रा घटाघटा पाणी पितो, अधाशासारखा खातो, त्याचे पोट लोंबू लागते. ती गाठ मोठी झाली की याच खादाडाची अन्नावरची वासना उडते.

पण पुष्कळदा पहिली सूचना मिळते ती फेफऱ्याची. प्रौढ वयात, आधी कधीही न आलेला झटका आला तर गाठीचा संशय घ्यावाच लागतो. अशा वेळी नाकाशी कांदा वा जोडा धरण्याची जुनी रीत निरुपयोगी आहे, आणि तोंडात हात घालणे तर धोक्याचे. शुद्ध नसलेला प्राणी मायेच्या हातालाही चावतो. जवळचे सामान दूर करावे आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांहून लांबला, किंवा एका दिवसात दोन-तीन झटके आले, तर पशुवैद्याकडे तातडीने न्यावे. सततच्या आचक्यांनी अंगातील उष्णता भयंकर वाढते. छत्तीसगडच्या मे महिन्यात हे संकट दुप्पट होते.

शेजाऱ्याचा पिसाळण्याचा संशय मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपल्या देशात वागणूक बदललेल्या कुत्र्याविषयी पहिला विचार त्याचाच केला पाहिजे. लस टोचल्याची नोंद पाहावी, मुलांना दूर ठेवावे. कोणाला चावा बसलाच, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन, कुत्र्याचे काय होते याची वाट न पाहता, डॉक्टरांकडून लस सुरू करावी. पिसाळलेला कुत्रा लक्षणे दिसू लागल्यावर सहसा दहा दिवसांच्या आत मरतो. गाठीचा रोगी आठवडे, महिने रेटतो. एवढा फरक ठाऊक नसल्यामुळे किती आजारी कुत्री काठीखाली गेली असतील, त्याची मोजदाद कोणत्याही दप्तरात नाही. गाठीसारखीच लक्षणे दाखवणारे इतरही रोग आहेत, उदाहरणार्थ डिस्टेंपर, गोचिडांमुळे होणारे ताप, रक्तातील साखरेची घट. त्यांतले काही बरे होतात. म्हणून रक्ततपासणीआधी आशा सोडणे हा उतावळेपणा होय.

सेक्टर 9 मध्ये माणसांसाठी मोठे रुग्णालय आहे. कुत्र्यासाठी मात्र दुर्गपलीकडे अंजोरा येथील पशुवैद्यक महाविद्यालयाची वाट धरावी लागते. गाठ प्रत्यक्ष दिसते ती एमआरआय यंत्राने, आणि प्राण्यांसाठी अशी सोय मोजक्याच मोठ्या शहरांत आहे. मुंबईत परळला 1883 मध्ये प्राण्यांचे रुग्णालय आणि 1886 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले; 2024 मध्ये महालक्ष्मी येथे टाटा न्यासाने लहान प्राण्यांसाठी आधुनिक रुग्णालय उघडले. पण दुर्ग स्थानकापासून मुंबई हजार किलोमीटरांहून दूर. त्यात प्राणी यंत्रात निश्चल पडून राहत नाही, त्याला भूल द्यावी लागते. आणि मेंदूवरील दाब वाढलेला असता भूलही निर्धोक नसते. शस्त्रक्रिया व किरणोपचार यांनी काही कुत्र्यांना वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ मिळतो. ते ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे, त्यांनी स्वतःस अपराधी मानण्याचे कारण नाही.

उरतात ती औषधे. प्रेडनिसोलोनने गाठीभोवतीची सूज उतरते आणि दोन-चार दिवसांत कुत्रा पुन्हा शेपूट हलवू लागतो. घरच्यांना वाटते, बरा झाला! येथेच खरी फसगत होते. गाठ तेथेच असते. मिळालेला हा अवकाश बहुधा आठवड्यांचा, क्वचित काही महिन्यांचा असतो. औषधाने भूक, तहान व लघवी वाढते, पोटात व्रण होऊ शकतात. घरातील वेदनाशामक गोळी त्यासोबत दिली तर रक्तस्राव ओढवतो. झटक्यांवरील फेनोबार्बिटोनने गुंगी येते आणि यकृताची तपासणी वेळोवेळी करावी लागते. यांपैकी कोणतेही औषध मनाने एकदम बंद करू नये.

झटक्याची तारीख, वेळ व अवधी वहीत लिहून ठेवला तर पशुवैद्याला मात्रा ठरवणे सोपे जाते, आणि सुखमरणाचा विचार करावा लागला तर कुटुंबालाही आठवणीपेक्षा ती वहीच अधिक खरे सांगते. तोवर जिन्याला अडसर घालावा, पाण्याचे भांडे जागचे हलवू नये, अंथरूण जमिनीवर घालावे. अर्धाच भात खाऊन कुत्रा उपाशी उठला, तर ताटली अर्धी फिरवून ठेवावी. उरलेला भात त्याला दिसू लागतो आणि तो खातो.