आरंभी न येणारा ळ

मराठी विश्वकोशाचे वीस खंड ‘अंक’पासून सुरू होतात आणि ‘ज्ञेयवाद’पाशी पोचतात. हे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत उभे केले, आणि संस्कृत शिकवणाऱ्या प्राज्ञपाठशाळेच्या या गावाला शब्दाच्या मुळाशी जाण्याची सवय आधीपासूनच होती. अकारविल्हे मांडणीत ‘ह’ आणि ‘क्ष’ यांच्या मधली जागा ‘ळ’ची. पण ‘ळ’ने सुरू होणारा मराठी शब्दच नाही, तेव्हा त्याच्या वाट्याला नोंदींची रांग येणार कुठून?

याचे कारण त्याच्या जन्मात आहे. संस्कृतातला एकटा ‘ल’ दोन स्वरांच्या मध्ये सापडला, की प्राकृतातून मराठीत येताना त्याचा ‘ळ’ झाला: फल–फळ, कमल–कमळ, बाल–बाळ. जोडाक्षरातून आलेला द्वित्त ‘ल्ल’ मात्र ‘ल’च राहिला. म्हणून संस्कृत ‘काल’ आपल्याकडे ‘काळ’ झाला, तर ‘कल्य’वरून ‘कल्ल’ होत आलेला शब्द ‘काल’ राहिला. ‘गल’वरून गळा, ‘गल्ल’वरून गाल. हजारो वर्षांपूर्वीचे एक जोडाक्षर आजही आपल्या जिभेवर असा फरक राखून आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. शब्दाच्या आरंभी ‘ल’च्या मागे स्वर नसतो, म्हणून तिथे बदल घडलाच नाही, लाकूड, लाज तशीच राहिली.

ऋग्वेदातला ‘ळ’ याहून निराळ्या वाटेने आला. तिथे तो दोन स्वरांमधल्या ‘ड’च्या जागी येतो. पहिल्याच ऋचेतला दुसरा शब्द ‘ईळे’; पुढच्या अभिजात संस्कृतात तोच ‘ईडे’. म्हणजे ध्वनी आपला जुना, पण मराठीतले त्याचे घर वेदातून थेट आलेले नाही.

शब्दारंभ टाळणारे अक्षर इतरत्रही आहे. रशियन लिपीतले ‘येरी’ हे जीभ मागे ओढून उच्चारायच्या ‘इ’सारख्या स्वराचे अक्षर अस्सल रशियन शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. सायबेरियातल्या याकूत गावांच्या नावांनी त्याला नकाशावर पहिली जागा दिली. ‘ळ’ला अशी परकी मदतही मिळालेली नाही.

संगणकाने वेगळाच पेच आणला. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसवला आहे. नुसत्या त्या क्रमांकांनी शब्द लावले, तर ‘काळ’ हा ‘काव’च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेप्रमाणे तो ‘काह’च्याही नंतर यायला हवा. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ तर थेट ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात जातात, आणि विश्वकोशाचा शेवटचा ‘ज्ञेयवाद’ मधल्या खंडांत जाऊन पडतो. म्हणून मराठीसाठी क्रमवारीचा नियम स्वतंत्र द्यावा लागतो. कोश करणाऱ्याला ही बारीकसारीक बाब वाटत नाही. वाचकाला शब्द सापडतो तो याच नियमाने.

वाईच्या वरच्या अंगाला महाबळेश्वर आहे. हिंदी पाट्यांवर त्याचे महाबलेश्वर होते, टिळकांचे तिलक होतात. संस्कृतशी त्या रूपांचे नाते जवळचे असेलही, पण माणसाचे आणि गावाचे नाव त्याच्या लोकांच्या उच्चाराप्रमाणे लिहावे, असे मला ठामपणे वाटते. त्यासाठी लागणारे अक्षर देवनागरीत आहेच.