विजेच्या मोटरीसाठी सायकलच्या सांगाड्याची निवड

दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोचविणे, भाजीच्या पाट्या आठवड्याच्या बाजारी नेणे किंवा दूरच्या मळ्यावर खेपा घालणे, या कामांसाठी घरच्या सायकलीस विजेची मोटर बसवून घेता येते. मोटर व बॅटरी यांची चौकशी सर्वजण करतात. परंतु ज्या सांगाड्यावर ती बसवावयाची, त्याची परीक्षा क्वचितच होते. वस्तुतः तीच प्रथम व्हावयास हवी. मोटर बिघडली तर पायडल मारीत घरी येता येते; उतारावर भरल्या कॅनांसह चिमटा तुटला तर जिवावर बेतते.

चाकाच्या हबमध्येच मोटर असलेला संच सर्वसाधारणपणे वापरला जातो. या मोटरीचा आस फिरत नाही. हब त्याच्याभोवती फिरतो. मोटर ज्या जोराने चाकास पुढे फिरविते, त्याच जोराने आस उलट फिरू पाहतो, आणि त्यास रोखून धरतात त्या चिमट्याच्या टोकांच्या दोन लहानशा खाचा. हा जोर किती असतो? २५० वॅटची मोटर चढावर ४० न्यूटन-मीटरपर्यंत पीळ देऊ शकते. आसाच्या दोन सपाट बाजूंमधील अंतर १० मिलिमीटरच्या आसपास असते. एवढ्या आखूड तरफेवर तो पीळ तोलावयाचा म्हणजे ढोबळ हिशेबाने ४०० किलो वजनाइतका जोर झाला. दोन खाचांत वाटला तरी प्रत्येकीवर २०० किलो. साध्या सायकलीच्या खाचा या कामासाठी घडविलेल्याच नसतात.

म्हणून सांगाडा व विशेषतः चिमटा पोलादाचा असावा. पोलाद बहुधा आधी वाकते, ताणते व सूचना देते. ॲल्युमिनियमची खाच एकाएकी तडकते. लोहचुंबक लावून पाहावा, मात्र तो नळीस न लावता थेट खाचेच्या टोकास लावावा. काही चिमट्यांत नळी एका धातूची व टोक दुसऱ्याच धातूचे असते. पोलादी चिमट्यासही आसाच्या सपाट बाजूंवर घट्ट बसणारी व दुसरे टोक चिमट्याच्या नळीस आवळलेली आधारपट्टी लावावीच. पट्टी १० सेंटिमीटर लांब असेल तर तरफ दहापट लांब होते, आणि तिच्या दूरच्या टोकाशी ४०० किलोंचे काम ४० किलोंत भागते. संच विकणारे ही पट्टी पुष्कळदा देत नाहीत. ती मागून घ्यावी.

दांडीची जुनी काळी सायकल मजबूत खरी. तिच्या नळ्या पोलादी, सांधे पितळेने जोडलेले, आणि दांडीखालच्या त्रिकोणात बॅटरीस उत्तम जागा. परंतु तिच्यात दोन अडचणी आहेत. पहिली रुंदीची: मोटरीच्या हबास पुढे बहुधा १०० व मागे १३५ मिलिमीटर जागा लागते आणि या सायकलीचा चिमटा त्याहून अरुंद असू शकतो. पोलादी चिमटा कुशल कारागिराकडून थोडा फाकविता येतो, मात्र दोन्ही खाचा समांतर राहिल्या पाहिजेत. ॲल्युमिनियमचा कधीही फाकवू नये. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ही सायकल २८ इंची चाकाची, तर पुष्कळ संच २६ इंची रिमवर विणलेले असतात. लोखंडी सळ्यांच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या अंगास घासते. नव्या रिमवर ते पोचतच नाही. वेग ताशी १५ वरून २५ किलोमीटर झाला की थांबविण्याचे काम जवळजवळ पावणेतीन पट होते, आणि नेमका त्याच वेळी एक ब्रेक निकामी झालेला असतो!

माझ्या मते ओझ्याच्या कामास २६ इंची, पोलादी, स्प्रिंग नसलेली व रिमच्या बाजूंवर दाबणाऱ्या ब्रेकची सायकल सर्वांत सोयीची. मोटर मागे असावी. कॅरिअरवर भार असला की पुढचे चाक हलके होऊन चढावर घसरते. बिनदांडीची सायकल चढण्यास सोपी, पण तिच्यात बॅटरी कॅरिअरवर जाते. ३६ व्होल्टसाठी शिसे-आम्लाच्या तीन बॅटऱ्या सुमारे १२ किलो भरतात. त्यावर दुधाचे कॅन म्हणजे सारा तोल मागे गेला. तेथे ३ किलोंच्या आसपास वजनाची लिथियम बॅटरीच घ्यावी.

जुना सांगाडा असल्यास मागच्या एका खाचेपासून पुढच्या उभ्या नळीस वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत दोरा ताणावा. सीटखालच्या नळीपासून दोऱ्याचे अंतर दोन्हीकडे सारखे भरले नाही, तर सांगाडा वाकलेला आहे. सांध्यांजवळ रंगास बारीक रेघ किंवा तांबूस ओघळ दिसल्यास तेथे तडा असण्याचा संभव असतो. असा सांगाडा नांगर सांधणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नये. सायकलीची पातळ नळी त्या उष्णतेने जळते.

मोटर २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची व वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, अशी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील सवलतीची मुख्य मर्यादा आहे. ती ओलांडल्यास नोंदणी व परवाना यांचा प्रश्न येतो.

जोडणी झाल्यावर नट व चिमटा या दोहोंवरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. पहिल्या आठवड्यात ती रोज पाहावी. रेघ तुटलेली दिसली की आस हलला असे समजून, ओझे न लादता, आधी नट व पट्टी पुन्हा आवळावी.