भेट झाली, पण मूल पाहिलं का?

बालसंरक्षणाच्या चौकशीबद्दल एक समजूत काही केल्या जात नाही: समाजसेविका घरी जाऊन आली, म्हणजे मूल पाहिलं गेलं. मूल दगावल्याची बातमी आली की लोक भेटी मोजायला बसतात. ब्रिटनमधल्या दोन मुलांचा इतिहास माहीत असेल, तर या मोजणीचा संताप येतो.

लंडनच्या हॅरिंगे भागातला पीटर कॉनेली १७ महिन्यांचा होता. आठ महिन्यांत समाजसेवक, डॉक्टर, पोलीस अशांशी त्याचा सुमारे ६० वेळा संबंध आला. ३० जुलै २००७ ला समाजसेविका आली तेव्हा तो बाबागाडीत होता, चेहरा चॉकलेटने माखलेला. त्याखाली जखमा होत्या. चेहरा पुसून कोणी पाहिला नाही. दोन दिवसांनी दवाखान्यात नेलं, तर किरकिर करतो म्हणून पूर्ण तपासणी राहिली. ३ ऑगस्टला तो गेला. शवविच्छेदनात कणा आणि बरगड्या मोडलेल्या आढळल्या.

त्याच हॅरिंगेत २००० साली आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिंबिए मारली गेली होती. २००३ च्या लॅमिंग अहवालानुसार तिची समाजसेविका तिला चारदा भेटली. सगळं बोलणं मिळून अर्धा तासही भरत नाही. शेवटच्या हिवाळ्यात दार वाजवूनही कोणी उघडलं नाही, तेव्हा कुटुंब निघून गेलं असावं असं गृहीत धरलं गेलं. व्हिक्टोरिया त्याच घरात होती, थंडगार न्हाणीघरातल्या टबात झोपत होती.

म्हणून पाहणं म्हणजे मुलाशी एकट्यानं बोलणं, अंथरूण कुठे आहे ते बघणं, मोठं माणूस खोलीत आलं की मूल आक्रसतं का ते टिपणं, आणि हे पुन्हा पुन्हा करून आधीच्या नोंदीशी ताडून पाहणं. चौकशीत मुलाचं म्हणणं जाणून घेणं इंग्लंडच्या २००४ च्या कायद्यानं बंधनकारकच केलं.

‘तान्हं बाळ काय सांगणार?’ त्याचं अंग सांगतं. १९९९ च्या एका अमेरिकी पाहणीत सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी जेमतेम ०.६ टक्क्यांच्या अंगावर काळेनिळे डाग होते, चालणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांच्या. न रांगणाऱ्या बाळाच्या गालावर डाग दिसला, तर ‘पडलं असेल’ म्हणून सोडून देता येत नाही.

डागाच्या रंगावरून मार कधीचा ते कळतं, हेही खोटं. २००५ च्या संशोधन-आढाव्यात त्याला आधार सापडला नाही.

आणि ‘पालकांनी नाही म्हटलं की हात बांधले’? इंग्लंडच्या १९८९ च्या कायद्यात त्यावरही उपाय आहे: मूल घरीच ठेवून सात दिवसांपर्यंत त्याची तपासणी करण्याचा आदेश न्यायालयाकडून मिळवता येतो.