तोल का जातो?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातील एक विद्यार्थी चार दिवस गैरहजर होता. घनसावंगी तालुक्यातील एका खेड्यातून तो जालन्याला शिकायला येतो. परत आल्यावर म्हणाला, "सर, आजी रात्री न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण आता घरात तिला कोणी उठूच देत नाही." वर्गात त्याच आठवड्यात गुरुत्वमध्याचा धडा चालू होता. आजी पडली का, आणि तिला उठू न देणे बरोबर का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या धड्यापासूनच सुरू होतात.

प्रथम एक प्रयोग करा. उजवा खांदा आणि उजव्या पावलाची बाहेरची कड भिंतीला टेकवून उभे राहा. आता डावा पाय उचला. उचलून धरता येत नाही! असे का व्हावे? उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या थोडा खाली असतो. त्यातून जाणारी लंबरेषा आधारपायाच्या, म्हणजे दोन्ही पावले व त्यांच्यामधील जागा यांच्या आत असेल, तोवरच तोल राहतो. एक पाय उचलायचा, तर शरीर दुसऱ्या पावलावर झुकवावे लागते. भिंत ते करू देत नाही.

चालताना तर आपण दर पावलाला थोडे पडतो आणि पुढचे पाऊल टाकून सावरतो. चालण्याच्या वेळेपैकी सुमारे ८० टक्के वेळ शरीर एकाच पायावर असते. तोल ढळत असल्याची वर्दी डोळे, अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका आणि तळपाय व सांधे यांतील मज्जातंतू मेंदूला देतात. मग मेंदू स्नायूंना हुकूम सोडतो. वय वाढले की नजर मंदावते, तळपायाची जाणीव कमी होते, मांडीचे व पोटरीचे स्नायू रोडावतात. काही औषधांनी गुंगी किंवा चक्कर येते. ठेच तीच असते. पण सावरणारे पाऊल वेळेवर पडत नाही.

पडण्याचा आघात केवढा? ५० किलोग्रॅम वस्तुमानाच्या आजींचा गुरुत्वमध्य पडताना ०.७ मीटर खाली आला असे समजू. ५० × ९.८ × ०.७ = ३४३ ज्यूल. साडेतीन किलोग्रॅमचा दगड १० मीटर उंचीवरून पडला, तरी एवढीच ऊर्जा मिळते! म्हातारपणी ठिसूळ झालेल्या हाडांना ती कशी सोसणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यांत साठीपुढील माणसे सर्वांत जास्त असतात.

मग आजीने बसूनच राहावे काय? नेमकी येथेच चूक होते. न वापरलेला स्नायू आणखी क्षीण होतो, आणि पुढच्या वेळी पडण्याची शक्यता वाढते. भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, हे चक्र उलटे फिरवते. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात घरी करण्याजोगे व्यायाम तयार झाले: पायांना बळ देणारे, तोल सांभाळायला शिकवणारे, आणि सोबत चालणे. ते करणाऱ्या वृद्धांचे पडणे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले.

त्यांतील एक व्यायाम तुम्हीही करून पाहा. खुर्चीवर ताठ बसा आणि पुढे न वाकता उठा. जमणार नाही! पावले मागे घेऊन, पुढे वाकून, गुरुत्वमध्य पावलांवर आणला की सहज उठता येते. हाताचा आधार न घेता असे पुन्हा पुन्हा उठण्याने मांड्या बळकट होतात. दुसरा व्यायाम म्हणजे ओट्याला धरून टाचा उचलणे. आजीआजोबांनी मात्र हे व्यायाम डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून, आणि कोणीतरी शेजारी उभे असतानाच करावेत.

घरातही थोडे बदल करावेत. ओली शहाबादी फरशी घर्षण कमी करते, म्हणून ती कोरडी ठेवावी. रात्री न्हाणीच्या वाटेवर दिवा असावा. आपले जालना पोलादी सळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. न्हाणीच्या भिंतीत एक भक्कम दांडी बसवणे अवघड नाही.

त्या विद्यार्थ्याची आजी आता फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यानुसार वॉकर धरून अंगणापर्यंत जाते. नातू शेजारून चालतो.

जाता जाता एक प्रश्न: हातात काठी घेतली की आधारपायाचा आकार कसा बदलतो? कागदावर आकृती काढा आणि ती आजीला समजावून सांगा.