पाटीवर नाव कोणाचे?

हातकामाचा लहानसा धंदा काढणारा माणूस नावाचा विचार बहुधा सर्वांत शेवटी करतो. भांडवल जमते, जागा मिळते, माल तयार होतो आणि पाटी रंगवणारा दारात येऊन उभा राहिला की घाईघाईने काहीतरी ठरते. आमची हयात कामगारांच्या संघटनेत गेली. तेव्हा या दुकानदारीच्या गोष्टीत आम्ही का पडावे, असे कोणी विचारील. परंतु हा प्रश्न मुळात श्रमाचा आहे. वस्तू घडवणाऱ्याचे नाव त्या वस्तूबरोबर गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत पोचते, की वाटेतच कोणी ते खरवडून आपले चिकटवतो, यावर त्याच्या मजुरीचा भाव पुष्कळ अंशी ठरतो.

मिरजेचेच पाहा. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात, तलवारींची मागणी सरत आली तेव्हा तेथील शिकलगार मंडळी तंतुवाद्यांकडे वळली. फरीदसाहेब शिकलगार हे त्यांतले आद्य कारागीर मानले जातात. मंगळवेढ्याकडचा भोपळा, कर्नाटकातले लाकूड आणि मिरजेचा हात, अशी ही सतार. पुढे या घराण्यांचे आडनावच 'सतारमेकर' पडले. अर्धा शब्द फारसी, अर्धा इंग्रजी, आणि आडनाव मात्र अस्सल मिरजेचे! धंद्याचे नाव निवडायला कोणी बसले नव्हते. लोकांनी हाक मारली आणि तेच पाटीवर चढले.

पण नाव मोठे झाले की त्याचे चोरही वाढतात. दूरदूरच्या शहरांत 'मिरजेची' म्हणून अशी वाद्ये विकली जाऊ लागली, की ज्यांनी मिरज पाहिलीही नसावी. एकटा कारागीर अशा वेळी कोणाकोणाशी भांडणार? कारागीर एकत्र आले, आपल्या संस्थांमार्फत त्यांनी अर्ज केले, आणि २०२४ साली मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले. आम्हाला यात संघटनेचे तत्त्व दिसते, आणि ते दिसल्याचा आनंद आम्ही लपवीत नाही.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. गावाचे नाव आणि घडवणाऱ्याचे नाव या दोन निरनिराळ्या मालमत्ता आहेत. पहिली सर्वांची, दुसरी आपली. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, अमलात आला १५ सप्टेंबर २००३ रोजी. त्याखाली नोंदलेले नाव कोणा एका पेढीला विकत घेता येत नाही. त्या मुलखातला, ठरलेल्या रीतीने माल करणारा कारागीर अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून ते वापरू शकतो. ट्रेडमार्कचा कायदाही त्याच सालचा आणि त्याच दिवशी अमलात आलेला. तो मात्र एकेकट्याच्या नावाचे रक्षण करतो. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला मालाच्या एका वर्गासाठी संगणकावरून अर्ज केल्यास ४,५०० रुपये शुल्क पडते. लहान कारागिराला ही रक्कम हलकी नाही, हे आम्ही जाणतो.

आता या कायद्याची एक खोच अशी, की जे नाव केवळ मालाचे वर्णन करते किंवा केवळ गाव सांगते, त्याची नोंद सहसा होत नाही. 'सातारा हस्तकला केंद्र' हे नाव कोणालाही सुचेल, आणि म्हणूनच ते कोणा एकाचे होऊ शकत नाही. साताऱ्यातली पेढ्यांची दुकाने पाहा. 'सातारी कंदी पेढे' हे शब्द पाटीपाटीवर आहेत. पण गिऱ्हाईक जाते ते आडनाव विचारीत. गाव मालाची जात सांगते, आडनाव जबाबदार कोण ते सांगते. पाटीवर दोन्ही असावीत, मात्र आपले नाव आपल्या अक्षरात आणि ठळक.

आणखी एक मोह आपल्या भागात विशेष. छत्रपतींच्या राजधानीत राहणाऱ्याला महाराजांचे नाव धंद्याला द्यावेसे वाटते. भावना चांगली, पण १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांविषयीच्या कायद्याने व्यापारासाठी छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी आदींच्या नावांचा असा वापर सरकारी परवानगीवाचून करण्यास मनाई केली आहे.

कोल्हापुरी चपलांची गोष्ट आपल्याशी अधिकच जवळची आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २०१९ च्या मानांकनात कोल्हापूरबरोबर सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. म्हणजे साताऱ्यात चप्पल शिवणाऱ्यालाही रीतसर नोंद करून ती 'कोल्हापुरी' म्हणून विकता येते. जून २०२५ मध्ये मिलान शहरी प्राडा या इटालियन पेढीने तशाच घाटाच्या चपला मिरवल्या, आणि प्रथम त्यांना नुसते चामड्याचे सँडल म्हटले. महाराष्ट्रात ओरड झाली, तेव्हा त्या पेढीने मूळ कारागिरी मान्य केली. ओरड करायला एक नाव हाताशी होते म्हणून ती ऐकू गेली, असे आमचे मत आहे. परंतु त्या चपलेवर शिवणाऱ्याचे स्वतःचे नाव कोठे होते? शंभरातल्या नव्वद जोडांवर ते आजही नसते. तळाच्या आतल्या बाजूस एक लहान ठसा उमटवायला काय लागते?

बचत गटांच्या भगिनींना मात्र आम्ही थोडे रागावणार आहोत. जिजामाता, सावित्रीबाई, अहिल्यादेवी ही नावे वंदनीय. पण प्रदर्शनात एका रांगेत तीन 'जिजामाता' बसल्या, तर गोधडी आवडलेल्या बाईने पुढच्या वर्षी कोणाला शोधावे? १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे १९६२ साली त्यांनी 'लिज्जत' हे नाव घेतले. लहान, तोंडात बसणारे, चवीची आठवण देणारे, आणि तरीही पापड हा शब्दच न उच्चारणारे. नाव कसे असावे हे याहून सोपे करून सांगता येणार नाही. ते फोनवरून एकदा सांगितले तरी दुसऱ्याला बिनचूक लिहिता आले पाहिजे, इतकी एक कसोटी आम्ही जोडतो.

राहिला वादाचा मुद्दा. चौघे मिळून धंदा काढतात, नाव नावारूपाला येते, मग भांडण होते आणि एकाच गल्लीत 'जुने व प्रसिद्ध' अशा दोन पाट्या समोरासमोर लागतात. म्हणून आरंभीच, मने गोड असताना, नाव कोणाचे, बाहेर पडणाऱ्याने ते वापरावे की नाही, हे कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. नोंदणी जमली नसेल तर निदान पहिल्या दिवसापासूनची बिले, पाटीचा फोटो आणि प्रदर्शनांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. नोंद न केलेल्या नावालाही न्यायालय संरक्षण देते. पण ते नाव आपण किती दिवस, कोठे आणि कोणत्या मालावर चालवले, याचा पुरावा त्या बिलांखेरीज दुसरा कोणता आणणार?