मुक्या सोबत्याची गोष्ट

आपल्या परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात शिरा, पाहुण्याची पहिली दखल कुत्रेच घेते. आपल्या मनातही त्याने फार पूर्वीपासून घर केले आहे. कोरडी भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांचे नरसी हे गाव १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. दत्ताच्या तसबिरीत तर चार कुत्री असतातच. पण घरातला फोटोंचा अल्बम उघडून पाहा. लग्न, बारसे, जत्रा, सगळे सापडते. दाराची वर्षानुवर्षे राखण करणारे कुत्रे मात्र सापडत नाही. सापडलेच तर कुणाच्या तरी पायाशी, कडेला, अर्धे कापलेले.

या कडेच्या सोबत्याला मध्यभागी आणणारी एक कला आहे. तिच्याविषयी मला जे उमगले, ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न करतो. कुणी म्हणेल, कुत्र्याच्या फोटोत कसली आली कला? गेल्या वर्षापर्यंत मलाही तसेच वाटत होते.

प्राण्यांची छायाचित्रे पूर्वीही निघत. आपला मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथील नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचे १९०२ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन व त्यांच्या पत्नी शिकारीच्या मुक्कामी उभे आहेत आणि पायाशी मारलेला वाघ पडला आहे. चित्र अत्यंत रेखीव आहे. पण त्यातला वाघ हा फक्त पुरावा आहे. गोष्ट आहे ती माणसाच्या पराक्रमाची. कलात्मक छायाचित्रात नेमका येथेच फरक पडतो. तेथे प्राणी पुरावा राहत नाही, गोष्टीतले पात्र होतो.

यासाठी तीन छायाचित्रांची उदाहरणे देतो. पहिले एलियट अर्विट (१९२८–२०२३) यांचे, न्यूयॉर्कमध्ये १९७४ साली काढलेले. त्यात टोपी घातलेले एक इवलेसे कुत्रे आहे, शेजारी एका बाईचे बूट आणि त्यापलीकडे एका प्रचंड कुत्र्याचे नुसते पाय. अर्विट यांनी कॅमेरा जमिनीलगत नेला. त्यामुळे लहान कुत्र्याला जग कसे दिसत असेल ते आपल्याला कळते आणि हसू येते. कुत्र्याने आपल्याकडे पाहावे म्हणून हे गृहस्थ कधी कधी स्वतःच भुंकत असत!

दुसरे छायाचित्र जपानच्या दाइदो मोरियामा यांचे, १९७१ सालचे. मिसावा या गावातले एक भटके कुत्रे मान वळवून मागे पाहते आहे. चित्र काळेकुट्ट आणि खरबरीत आहे. ते कुत्रे चावेल की पळेल, हे सांगता येत नाही.

तिसरे जोसेफ कुडेल्का यांचे. १९६८ साली सोव्हिएत फौजा प्राग शहरात शिरल्या, तेव्हा त्यांनी रस्त्यावर उतरून छायाचित्रे काढली आणि १९७० साली त्यांना देश सोडावा लागला. पुढे १९८७ साली फ्रान्समधील एका बागेत त्यांनी बर्फातले एक काळे कुत्रे टिपले. सगळीकडे पांढरे आणि मध्ये ती एकटी काळी आकृती. कुडेल्कांची हकिकत ठाऊक असली, की त्या कुत्र्यात घर सुटलेला माणूस दिसू लागतो.

आता प्रश्न असा, की ही भावना येते कोठून? कुत्र्याच्या चेहऱ्यातून, असे आपण चटकन म्हणतो. पण येथे सावध राहावयास हवे. जीभ बाहेर काढलेले कुत्रे आपल्याला हसरे वाटते. पुष्कळदा ते उकाड्याने धापा टाकत असते. त्याचे डोळे केविलवाणे वाटतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कुत्रा व लांडगा यांच्या चेहऱ्याचे स्नायू तपासले गेले. भुवईची आतली बाजू वर उचलणारा स्नायू कुत्र्यात ठळक आढळला, लांडग्यात नावापुरता. म्हणजे जे आपल्याला दुःख वाटते, ती कदाचित भुवईची हालचालच असेल. चित्रपटाच्या अभ्यासात रशियन दिग्दर्शक कुलेशॉव्ह यांच्या प्रयोगाचा दाखला देतात. एकच निर्विकार चेहरा सूपच्या ताटलीशेजारी दाखवला तर भुकेला वाटतो, शवपेटीशेजारी दाखवला तर शोकाकुल. कुत्र्याच्या छायाचित्राचेही तसेच आहे. गोष्ट त्याच्या चेहऱ्यात थोडी असते. तो कोठे आहे, कोणाकडे पाहतो आहे आणि शेजारी कोण नाही, यात ती अधिक असते.

हे मला पुस्तकापेक्षा आमच्या काळूने जास्त शिकवले. माझे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. घराला कुलूप लागते. मी आणि आजी चुलत्यांकडे राहतो. काळू भाकरी खायला तेथे येतो आणि परत जाऊन आमच्या बंद दारापुढे बसतो.

या विषयावर लिहायचे ठरले, तेव्हा मी काळूला दोरीने दाराशी बांधले, पुढे आईची जुनी चप्पल ठेवली आणि मोबाइलवर फोटो काढला. मला तो फारच करुण वाटला. आमच्या सरांनी पाहून एवढेच विचारले, "हा आईची वाट पाहतोय, की सुटकेची?"

मग दोरी सोडली. चार दिवस पहाटे समोरच्या ओट्यावर जाऊन बसलो. काही गोष्टी ध्यानात आल्या. उभ्याने फोटो काढला तर कुत्रे पायाखालचे दिसते. म्हणून जमिनीवर पालथे पडावे. दुपारच्या उन्हात डोळे काळोखात जातात. सकाळच्या तिरप्या उजेडात त्यांत प्रकाशाचा ठिपका येतो. कॅमेरा सरासरी करडा रंग धरून उजेड मोजतो, म्हणून काळे कुत्रे राखाडी येते. तेथे उजेड थोडा कमी करावा लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हाका मारू नयेत, थांबावे.

चौथ्या दिवशी सडकेवर ट्रॅक्टरचा आवाज आला. काळू ताडकन उठला, कान टवकारले, एक पाय उचलून गल्लीच्या टोकाकडे पाहू लागला. मागे दार आणि कुलूप. ट्रॅक्टर पुढे निघून गेला. तेवढ्यात एकच फोटो मिळाला.

कारखान्याचा पट्टा पडल्यावर आईवडील परतले, तेव्हा तो आईला दाखवला. आईने बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "अन् तू कुठं बसला व्हतास?" मी म्हटले, समोरच्या ओट्यावर, चार दिवस. ती काही बोलली नाही. पदराने मोबाइलची काच पुसली आणि माझ्या हातात दिली. सहा महिने फोनवर "मी बरा आहे, अभ्यास चालू आहे" एवढेच सांगणाऱ्या मला जे बोलता आले नव्हते, ते तिला त्या फोटोत दिसले असावे.

मित्रहो, महागडा कॅमेरा आणि परदेशी जातीचे कुत्रे यांवाचून ही कला अडत नाही. येत्या सुटीत आपल्या दारच्या, आखाड्यावरच्या किंवा मेंढरांमागच्या कुत्र्याचा एक फोटो काढा. त्याला बांधू नका, सजवू नका. तो कोणाकडे पाहतो आहे, तेवढे मात्र चौकटीत येऊ द्या. पुढच्या अंकात त्यांतली दोन-चार छायाचित्रे छापता आली, तर आपल्या गावांविषयी पुष्कळ काही न बोलताच सांगून होईल.

— बी. ए. द्वितीय वर्ष